डामडौल आणि ठिगळ : स्वस्त भयपटांची खिल्ली उडवणारा पत्त्यांचा खेळ कसा बनवायचा आणि कसा खेळायचा

१९५३ साली अमेरिकेत ‘रोबोट मॉन्स्टर’ नावाचा चित्रपट निघाला. परग्रहावरून आलेला यंत्रमानव पृथ्वीवरची उरलीसुरली माणसं संपवायला निघतो, अशी त्याची कथा. यंत्रमानवाचा पोशाख शिवून घेण्याइतके पैसे मात्र निर्मात्यांकडे नव्हते. जॉर्ज बॅरोज या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. तो त्याने अंगात चढवला, डोक्यावर अँटेना लावलेलं हेल्मेट ठेवलं, आणि यंत्रमानव तयार झाला.

मी हा खेळ कुणालाही शिकवायला बसतो तेव्हा सुरुवात या गोरिलापासून करतो. नियम नंतरही समजतात. हेल्मेटवाला गोरिला ज्याला आधी आवडला, त्याला पुढचं सगळं आपोआप जमतं.

खेळाची मूळ कल्पना सोपी आहे. प्रत्येक खेळाडू एक स्वस्तातला भयपट किंवा विज्ञानपट बनवत असतो. पात्रं, जागा आणि सामान यांची पानं आपल्यासमोर मांडून आपला चित्रपट उभा करायचा आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांवर राक्षस सोडायचे. याच धर्तीचा ‘ग्रेव्ह रॉबर्स फ्रॉम आउटर स्पेस’ हा विनोदी खेळ झी-मॅन गेम्स या कंपनीने २००१ मध्ये काढला होता, स्टीफन टॅसी यांनी रचलेला. त्याचं नावही अशाच एका चित्रपटाचं आहे. एड वुड यांच्या ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’चं ते आधीचं नाव. छापील खेळ मिळाला तर जरूर खेळा. पण माझ्या मते नवख्यांनी आपला कॅट आपणच बनवावा. पानं लिहिता लिहिताच या चित्रपटांची नस सापडते, आणि आपल्या मंडळींना कशाचं हसू येतं ते आपल्याएवढं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? खाली दिलेले नियम माझ्या घरगुती खेळाचे आहेत. तीन ते पाच जणांना पुरतात, चार जण असले तर उत्तम.

पहिली पायरी : पानं कापणं

नेहमीच्या पत्त्याचं माप साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटर असतं. ए-फोर आकाराच्या एका कागदावर अशी नऊ पानं बसतात. आपल्याला ८० पानं हवीत, म्हणजे नऊ कागद झाले आणि एक पान उरलं. त्या उरलेल्या पानावर डावाचा क्रम लिहून ठेवा. कागदाची पानं पिसायला त्रास देतात. म्हणून प्रत्येक चिठ्ठी प्लास्टिकच्या पत्ता-पाकिटात घालायची आणि मागे जुन्या कॅटमधलं एक पान आधाराला ठेवायचं. मजकूर बदलायचा झाला तर नुसती चिठ्ठी बदलली की झालं. चित्रं काढता येत असतील तर काढा. नसतील तरी काही अडत नाही.

८० पानांची विभागणी अशी : पात्रं २४, जागा ८, सामान १६, राक्षस १८, करामती १३ आणि ‘समाप्त’ असं लिहिलेलं एकच पान. पात्र, जागा आणि सामान यांनी चित्रपट बनतो. राक्षस दुसऱ्यावर सोडायचे. करामती म्हणजे ऐन वेळी टाकायची पानं, चित्रीकरणातल्या युक्त्यांची आणि फजितींची.

दुसरी पायरी : पानं लिहिणं, म्हणजे खरं काम

इथे घाई करू नका. पूर्ण वेळेतला अर्धा वेळ इथे गेला तरी चालेल.

आधी हे चित्रपट असे का झाले ते लक्षात घ्या. १९३०च्या दशकात अमेरिकेतली चित्रपटगृहं एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. मोठा चित्रपट कमाईतला हिस्सा घ्यायचा. दुसरा, जोडीला लावलेला, बहुतेक वेळा ठरावीक भाड्याने यायचा. भाडं ठरलेलं असल्यावर जास्त खर्च करून फायदा काय? म्हणून तो झटपट आणि स्वस्तात उरकायचा. ही जोड-चित्रपटांची पद्धत मागे पडत गेली, पण कमी पैशात, कमी दिवसांत चित्रपट उरकण्याची रीत १९५०च्या दशकात भयपट आणि विज्ञानपट बनवणाऱ्यांनी पुढे चालवली. रॉजर कॉर्मन यांनी ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चं मुख्य चित्रीकरण सुमारे दोन दिवसांत संपवलं. तो १९६०चा. पैसा नाही, वेळ नाही, आणि कथेत मात्र अख्खी पृथ्वी धोक्यात. मला या लोकांचं मनापासून कौतुक वाटतं. हातात गोरिलाचा पोशाख असताना त्यांनी यंत्रमानवाची गोष्ट सोडून दिली नाही.

हीच दरी पानावर यायला हवी. मी तिला ‘डामडौल आणि ठिगळ’ म्हणतो. पानाच्या वरच्या भागात डामडौल लिहायचा : नाव, ऐट, धमकी. खाली ठिगळ लिहायचं : कुठे कापड कमी पडलं ते. आणि पानाचा नियम ठिगळातून निघाला पाहिजे. नुसता विनोद लिहिला आणि नियम भलताच असला, तर दुसऱ्या डावात ते पान कुणी वाचतसुद्धा नाही. नियमच विनोदी असला तर दहाव्या डावातही हसू येतं.

माझ्या कॅटमधली काही पात्रं सांगतो. ‘शहाणा प्राध्यापक’, बळ ३. धोका सर्वांत आधी ओळखतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही. नियम : आपल्या पाळीला गड्डीतलं वरचं पान बघू शकतो, पण बदलू शकत नाही. ‘“मी बघून येतो” म्हणणारा तरुण’, बळ ४. एवढं बळ आहे म्हणून हावरटपणाने घ्यावासा वाटतो, पण नियम असा की तुमच्या चित्रपटावरचा हल्ला यशस्वी झाला तर मरायचा पहिला मान याचा. ‘किंचाळणारी शेजारीण’, बळ १. ती असेपर्यंत तुमच्यावर येणाऱ्या प्रत्येक राक्षसाचं बळ २ने कमी होतं. ‘शेरीफ’, बळ २. “आमच्या गावात असलं काही घडत नाही,” असं तो ठामपणे सांगतो, म्हणून तो चित्रपटात आल्यानंतरच्या पहिल्या हल्ल्यात तुम्हाला एकही करामत वापरता येत नाही.

पात्रांचं बळ १ ते ५ ठेवा आणि ५चं बळ दोनच पात्रांना द्या. सामानाचं बळ १ ते ३, जागेचं ० ते ३. सामान नेहमी एखाद्या पात्राच्या हातात असतं. ‘ऐन वेळी विझणारा टॉर्च’, बळ १. ‘लुकलुकत्या दिव्यांची पेटी’, बळ ३. ही पेटी काय करते ते चित्रपटातही कुणी सांगत नाही, म्हणून तिचा नियम : टाकताना ती काय करते ते खेळाडूने गंभीर चेहऱ्याने समजावून सांगायचं, अडखळला तर बळ २च. जागा म्हणजे ओसाड दीपगृह, धुक्यातली दफनभूमी, दलदल, प्रयोगशाळेचं तळघर. त्या लिहायला सोप्या आहेत, त्यांच्यावर फार वेळ घालवू नका.

राक्षसांचं बळ ४ ते १२. ‘फुगलेली मुंगी’ ७, ‘बरणीतला मेंदू’ ४, ‘हेल्मेटवाला गोरिला’ ९. हा शेवटचा माझा लाडका. नियम एवढाच की त्याला सोडताना “मी यंत्रमानव आहे” असं मोठ्याने म्हणायचं, विसरलात तर तो गोरिला ठरतो आणि त्याचं बळ ६ होतं.

करामतींसाठी खरा इतिहासच उपसा, त्यापेक्षा सरस काही सुचणार नाही. ‘प्लॅन ९’मध्ये ‘ड्रॅक्युला’ म्हणून गाजलेले नट बेला लुगोसी आहेत. पण त्यांचा मृत्यू झाला १९५६च्या ऑगस्टमध्ये, आणि त्यांचं चित्रण थोडंसंच झालेलं होतं. उरलेल्या प्रसंगांत दुसराच माणूस झग्याने तोंड झाकून फिरतो. त्यावरून ‘झग्याआडचा बदली नट’ हे पान : नुकतंच मेलेलं तुमचं पात्र बळ १ घेऊन परत येतं, आणि त्याच्या वतीने बोलताना तुम्ही डाव संपेपर्यंत हाताने तोंड झाकायचं. विल्यम कॅसल यांनी १९५९च्या ‘द टिंगलर’साठी काही चित्रपटगृहांत खुर्च्यांखाली थरथरणाऱ्या मोटारी बसवल्या होत्या. त्यावरून ‘थरथरती खुर्ची’ : सगळ्यांनी हातातलं एक पान न बघता डावीकडच्याला द्यायचं. रात्रीच्या चित्रीकरणाला दिवे लागतात, पैसे लागतात. म्हणून भर उन्हात चित्रण करून पुढे ते काळोखं करायचे, पण जमिनीवरच्या कडक सावल्या चुगली करायच्या. त्यावरून ‘दिवसाची रात्र’ : या फेरीत जागेचं बळ कुणालाच मिळत नाही. आणखी तीन साधी पण फार कामाची पानं : राक्षसाला नाचवणारी दोरी पडद्यावर दिसली, म्हणून ‘दिसलेली तार’, राक्षसाचं बळ ४ने कमी. पालीच्या तोंडाशी कॅमेरा नेऊन तिला डोंगराएवढी करायची, म्हणून ‘जवळून घेतलेलं दृश्य’, राक्षसाचं बळ ४ने जास्त. आणि दुसऱ्या चित्रपटातले प्रसंग उचलून आपल्यात चिकटवायचे, म्हणून ‘फडताळातलं जुनं चित्रण’, टाकलेल्या पानांतून कुठलंही एक उचला.

‘तार’ आणि ‘जवळून दृश्य’ यांच्या तीन-तीन प्रती ठेवा. बाकीची सात पानं तुमची.

तिसरी पायरी : चित्रपटाचं नाव

या चित्रपटांची नावं हा अर्धा खेळ असतो. पोस्टर आणि नाव यांच्या जोरावरच तिकीट खपायचं. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी नावाचे दोन तुकडे लिहा : एक पूर्वार्ध, एक उत्तरार्ध. डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाने दोन पानं ओढायची, पहिल्याचा पूर्वार्ध आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध जोडायचा. हेच तुमच्या चित्रपटाचं नाव. ते कागदावर लिहा आणि पानं परत गड्डीत टाका.

मराठीत इथे एक खोच आहे. पूर्वार्ध ‘मुंग्यांचा’ आणि उत्तरार्ध ‘चढाई’ असला की नाव फसतं. ‘मुंग्यांची चढाई’ हवं. लोक बोलताना सुधारून घेतात, पण नाव उच्चारण्यातला दणका जातो. यावर उपाय एकच : सगळे उत्तरार्ध पुल्लिंगी, एकवचनी ठेवा. हल्ला, सूड, शाप, पाठलाग, विळखा, उच्छाद, बदला, अवतार, उद्रेक. ‘थैमान’ आणि ‘तांडव’ हे शब्द फार मोहात पाडतात, पण ते नपुंसकलिंगी. त्यांना बाजूला ठेवा. मग सगळे पूर्वार्ध ‘चा’वर संपतील आणि कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला बिनदिक्कत जुळेल.

पूर्वार्ध असे : बिनडोक मेंदूंचा, मंगळावरच्या मुंग्यांचा, शेवाळलेल्या शास्त्रज्ञाचा, अर्धवट पुरलेल्या सावकाराचा, हेल्मेटवाल्या गोरिलाचा. उत्तरार्ध असे : दीपगृहावर हल्ला, तळघरातला पाठलाग, मध्यरात्री सूड, तिसरा अवतार, दलदलीतला उच्छाद. ‘बिनडोक मेंदूंचा तिसरा अवतार’ हे नाव आमच्याकडे एकदा आपसूक निघालं, आणि डाव सुरू व्हायच्या आतच सगळे पोट धरून बसले होते.

तुकडे लिहिताना निम्म्याहून अधिक तुकड्यांत कॅटमधल्या एखाद्या पानाचा उल्लेख येऊ द्या. दीपगृह नावात आहे तर दीपगृहाचं पानही असावं. पुढे गुण मोजताना त्याचा उपयोग होतो.

चौथी पायरी : मांडणी

‘समाप्त’ बाजूला काढा. उरलेली ७९ पानं नीट पिसा, शेजाऱ्याकडून काटून घ्या आणि प्रत्येकाला सहा वाटा. उरलेल्या पानांच्या तळाची १५ पानं घ्या, त्यात ‘समाप्त’ मिसळून पिसा आणि हा गठ्ठा पुन्हा तळाशी ठेवा. पाच जण खेळत असतील तर तळाची ८च पानं घ्या, नाहीतर डाव फार लवकर आटपतो. हे टाळू नका. ‘समाप्त’ सगळ्या गड्डीत मोकळं सोडलं तर ते दुसऱ्याच फेरीत वर येऊ शकतं, आणि कुणाच्याही चित्रपटात दोनहून जास्त पात्रं नसताना खेळ संपला तर नवख्यांचा हिरमोड होतो.

सर्वांत अलीकडे ज्याने भयपट पाहिला असेल त्याची पहिली उतारी.

पाचवी पायरी : आपली पाळी

पाळीत तीन गोष्टी, याच क्रमाने.

आधी मांडा. हातातलं एक पान आपल्या चित्रपटात लावा : पात्र, जागा किंवा एखाद्या पात्राच्या हाती सामान. एका पात्राकडे दोनच वस्तू, आणि एका चित्रपटात एकच जागा. नवी जागा आणली तर जुनी टाकलेल्या पानांत जाते. पान लावताना त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा. नवे खेळाडू हे विसरतात, आणि मग समोरच्याला काय आलं तेच कळत नाही.

मग, वाटलं तर, हल्ला. एक राक्षस कुणाच्याही चित्रपटावर सोडा. त्या चित्रपटाचं एकूण बळ म्हणजे सगळी पात्रं, सामान आणि जागा यांची बेरीज. राक्षसाचं बळ त्याहून जास्त असेल तरच हल्ला यशस्वी. बरोबरी झाली तर चित्रपट वाचला. यशस्वी हल्ल्यात एक पात्र मरतं. त्याच्या हातातलं एक सामान दुसऱ्या पात्राने उचलायचं, बाकी जातं. राक्षसही टाकलेल्या पानांत जातो. हल्ला फसला तर मात्र राक्षस पकडला गेला. ज्याच्यावर सोडला तो त्याला आपल्या चित्रपटाखाली पालथा ठेवतो, शेवटी त्याचे २ गुण. म्हणून उगाच कुणावरही राक्षस फेकू नका.

शेवटी, नको असलेली दोनपर्यंत पानं टाका आणि हात पुन्हा सहाचा करा. करामती कुणीही, कुणाच्याही पाळीत टाकू शकतो.

एक हल्ला आकड्यांनिशी बघू. समोरच्या चित्रपटात ‘मी बघून येतो’ तरुण ४, प्राध्यापक ३, प्राध्यापकाच्या हातात टॉर्च १, आणि दीपगृह २. बेरीज १०. तुम्ही फुगलेली मुंगी सोडता, तिचं बळ ७. वर ‘जवळून घेतलेलं दृश्य’ टाकता, झाले ११. एका गुणाने तुम्ही वरचढ, आणि तरुणाचं पान म्हणतं की मरायचा तोच. पण समोरचा शांतपणे ‘दिसलेली तार’ टाकतो. ४ गेले, मुंगी पुन्हा ७वर. हल्ला फसला, मुंगी त्याच्या पदरात, आणि तुमची दोन पानं खर्ची पडली. नव्या खेळाडूंना हा एक प्रसंग करून दाखवला की नियम वाचून दाखवायची गरज उरत नाही.

डाव निम्म्यावर आला की चित्रपट १५-१६ बळाचे होतात आणि एकटा राक्षस पुरत नाही. तेव्हा जोड-हल्ला करा : ज्याची पाळी आहे त्याने दुसऱ्या एका खेळाडूला सोबत घ्यायचं, दोघांनी एकेक राक्षस टाकायचा, दोघांच्या बळाची बेरीज. मरणारं पात्र पाळीवाला निवडतो. फसला तर दोन्ही राक्षस समोरच्याचे. पुढे गेलेल्या खेळाडूला आवरायला यापेक्षा चांगला नियम मला अजून सापडलेला नाही. शिवाय दोन राक्षस एकाच प्रसंगात आले की कथेला धमाल येते, कारण मुंगी आणि बरणीतला मेंदू एकत्र का आले ते कुणाला तरी सांगावं लागतं.

सहावी पायरी : मरण सांगणं

हा नियम छोटा आहे, पण माझ्या लेखी सगळ्यांत मोठा. मारणारा नाव सांगतो, मरण मालक सांगतो. म्हणजे कुठलं पात्र मरणार ते हल्ला करणारा ठरवतो (पानावर वेगळं लिहिलेलं नसेल तर), पण ते कसं मेलं ते ज्याचं पात्र गेलं त्याने सांगायचं. दोन वाक्यांत, त्याच्या समोर मांडलेल्या पानांतून.

आपलं पात्र गेल्याचं वाईट वाटतं तेव्हाच सगळे तुमच्याकडे बघत असतात आणि शब्द तुमच्या तोंडी असतो. नुकसान झालेल्यालाच मजा मिळते. हा नियम नव्हता तेव्हा आमच्याकडे लोक हल्ल्यानंतर रुसायचे. आता एखाद्याचं पात्र मेलं की तो आधी खुर्चीत सावरून बसतो.

सांगताना चेहरा गंभीर ठेवा. या चित्रपटांतले नट कागदी उडत्या तबकडीकडे बघताना खरोखर घाबरलेले दिसतात, तसंच. “शेरीफने टॉर्च विझल्यावर मुंगीला विचारलं, परवाना आहे का. तो त्याचा शेवटचा प्रश्न.” एवढं पुरे. लांबण लावली की पुढच्याची पाळी ताटकळते. एखाद्याला बोलायला संकोच वाटत असेल तर त्याने मेलेल्या पानाचा मजकूर दुःखी आवाजात पुन्हा वाचावा. दोन-तीन मरणांनंतर तो स्वतःच बोलू लागतो.

सातवी पायरी : समाप्त आणि गुण

‘समाप्त’ ज्याच्या हाती येईल त्याने ते लगेच उघडं ठेवायचं. तिथून पुढे पान ओढणं बंद. बाकीच्या प्रत्येकाला एकच शेवटची पाळी, ‘समाप्त’ काढणाऱ्याला नाही. या शेवटच्या फेरीत हातातले राखून ठेवलेले सगळे राक्षस बाहेर पडतात, म्हणून एखादी ‘दिसलेली तार’ जपून ठेवा.

मग गुण. जिवंत पात्रं, त्यांचं सामान आणि जागा यांच्या बळाची बेरीज. पकडलेल्या प्रत्येक राक्षसाचे २. आणि नावाचे : चित्रपटाच्या नावातला पूर्वार्ध पडद्यावर खरा ठरला तर ३, उत्तरार्ध खरा ठरला तर ३. ‘मंगळावरच्या मुंग्यांचा दीपगृहावर हल्ला’ या चित्रपटावर डावात कधीही मुंगी येऊन गेली असेल, ती पकडली गेली तरी, पहिले ३ मिळाले. शेवटी जागा दीपगृहच असेल तर दुसरे ३. वाद झाला तर हात वर करून ठरवा, बरोबरीत चित्रपटवाल्याच्या बाजूने.

यातून एक गंमत घडते. मुंगी हवी असलेल्यावर कुणी मुंगी सोडतच नाही! म्हणून स्वतःच्या चित्रपटावरही राक्षस सोडायची परवानगी ठेवा. मात्र असा राक्षस फसला तरी त्याचे २ गुण मिळत नाहीत, आणि जिंकला तर तुमचंच पात्र मरतं. नावाच्या ३ गुणांसाठी आपल्या प्राध्यापकाचा बळी द्यायचा की नाही, यावर शेवटच्या फेरीत लोक मिनिटभर विचारात पडतात.

निकाल जाहीर करण्याआधी प्रत्येकाने आपल्या चित्रपटाची कथा अर्ध्या मिनिटात सांगायची, नावापासून सुरू करून. गुण त्यानंतर वाचा. आधी वाचले तर हरलेल्यांना सांगण्यात रस उरत नाही.

पहिले दोन डाव : आकडे पेन्सिलीने

बळाचे आकडे पहिले दोन डाव पेन्सिलीनेच लिहा. अख्ख्या डावात एखाद्याचं एकही पात्र मेलं नाही असं दोन्ही वेळा झालं, तर राक्षस दुबळे आहेत, सगळ्यांचं बळ १ने वाढवा. उलट शेवटी कुणाकडे दोनपेक्षा जास्त पात्रं उरत नसतील तर ‘जवळून घेतलेलं दृश्य’ची एक प्रत काढून टाका. हातात राक्षसच राक्षस साचत असतील तर पानं पुरेशी पिसली जात नाहीत. पाकिटातली पानं एकमेकांना चिकटतात, म्हणून आधी सात-आठ ढीग करून मिसळा आणि मग पिसा.

जी पानं कुणी लावतच नाही ती तिसऱ्या डावाआधी काढा. बहुतेक वेळा त्यांवर डामडौल असतो, ठिगळ राहिलेलं असतं. ‘दुष्ट परग्रहवासी, बळ ८’ एवढंच लिहिलेलं पान माझ्याकडे होतं. कुणी त्याच्याकडे बघेना. मग त्याखाली लिहिलं : ‘पोशाखाची चेन पाठीमागे दिसते, म्हणून याला पाठ फिरवता येत नाही, एकदा सोडला की परत हातात घेता येत नाही.’ तेव्हापासून कुणाच्याही ‘फडताळातल्या जुन्या चित्रणा’ने तो परत येत नाही, आणि टाकलेल्या पानांत तो दिसला की लोक हळहळतात.

प्रत्येक डावात कुणीतरी एखादं मरण असं सांगतो की ते पुढच्या डावातही आठवतं. म्हणून डब्यात चार-पाच कोरी पानं आणि एक पेन्सिल ठेवा, आणि ते मरण सांगणाऱ्याकडूनच त्याच वेळी लिहून घ्या.